पेपर सुटल्यानंतर

पेपर सुटल्यावर उत्तरे ताडून पाहण्याची रीत छापील प्रश्नपत्रिकेबरोबर आली. शेकडो जणांना एकाच वेळी तेच प्रश्न पडलेले असावेत आणि त्या प्रश्नांचा कागद हातात घेऊन बाहेर पडता यावे, या दोन गोष्टींवाचून ‘तुझं काय आलं?’ असे कोणी कोणाला विचारू शकत नाही. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमून आल्या. पुढे ही रीत सगळ्याच विषयांत रुळली, पण रसायनशास्त्राच्या पेपरनंतर ती जेवढी रंगते तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या पेपरनंतर रंगत असेल. गणितात उत्तर जुळते किंवा जुळत नाही. भाषेच्या पेपरात दोघांची उत्तरे वेगळीच असायची, त्यामुळे ताडण्याजोगे फार काही उरत नाही. रसायनशास्त्रात एका उत्तराचे पाच तुकडे असतात. समीकरण लिहिले का, ते संतुलित केले का, बाणावर तापमान आणि उत्प्रेरक लिहिला का, पदार्थाचे नाव कोणत्या पद्धतीने दिले, एकक लावले का. यातल्या प्रत्येक तुकड्यावर वाद होऊ शकतो आणि प्रत्येकाला अर्ध्या-अर्ध्या गुणाची किंमत असते.

त्याआधीची परीक्षा तोंडी होती. पेशव्यांच्या काळात श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई, तेव्हा शास्त्री-पंडितांच्या विद्येची पारख समोरासमोर होत असे. पंतोजीच्या शाळेतही पाढे आणि उजळणी म्हणून दाखवायची, चुकले तर तिथेच कळायचे. प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा आणि निवाडा करणारा एकाच जागी बसलेले असत, त्यामुळे उत्तराविषयीची शंका मनात घेऊन बाहेर पडण्याची वेळच येत नसे. लेखी परीक्षेने उत्तर आणि निवाडा यांच्यामध्ये काही आठवड्यांचे अंतर घातले. उत्तरे ताडण्याची गरज त्या अंतरातून निर्माण झाली.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे काढण्याची शिफारस केली आणि १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर मुंबई विद्यापीठ उभे राहिले. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. ‘मॅट्रिक झालेला’ ही पुढची जवळजवळ शंभर वर्षे मराठी घरातली मोठी ओळख राहिली. परीक्षाकेंद्रे मोजकी असत आणि मुलांना त्यासाठी गाव सोडून लांब जावे लागे. शालेय परीक्षांचीही तीच गत होती. धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्यापर्यंत घाट चढून पायी गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले गेले नाही.

मराठीत रसायनशास्त्र मात्र मॅट्रिकच्या आधीच येऊन पोचले होते, आणि तेही प्रश्नोत्तरांच्या रूपात. जेन मार्सेट या इंग्रज लेखिकेने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रावर एक संवादरूप पुस्तक लिहिले. एक बाई दोन मुलींना शिकवत आहेत आणि मुली शंका विचारत आहेत, अशी त्याची मांडणी. पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करणाऱ्या मायकेल फॅरडेला रसायनशास्त्राची गोडी लागली ती याच पुस्तकामुळे. हरि केशवजी यांनी १८३० च्या दशकात ते मराठीत आणले. पुढे कोल्हापूरला बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीत नेटाने ग्रंथ लिहिले. मराठी वाचकाच्या हाती पहिल्यांदा आलेले रसायनशास्त्र असे बोलत, विचारत, उलट विचारत आलेले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेपरनंतर कट्ट्यावर जे चालते त्याची घडण फार वेगळी नाही.

लेखी पेपरच्या जोडीला या विषयात प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि तिथली ताडाताड वेगळ्या तऱ्हेची आहे. प्रयोगशाळेतली साधने बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. ब्युरेट आणि पिपेट ही नावे गे-ल्युसॅकने १८२४ मध्ये रूढ केली. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे किपचे उपकरण १८४४ च्या सुमाराचे. क्षाराचे पृथक्करण गटवार करण्याची पद्धत कार्ल रेमिगियस फ्रेसेनियसच्या १८४१ च्या पुस्तकातून जगभर पसरली. विद्यार्थी आजही ‘पहिला ग्रुप नाही, दुसरा ग्रुप नाही’ असे जर्नलमध्ये लिहीत जातात तो क्रम मुंबई विद्यापीठाहून जुना आहे.

टायट्रेशनमध्ये सगळ्या बॅचला एकच द्रावण दिलेले असते, त्यामुळे सगळ्यांचे रीडिंग जवळपास सारखे यायला हवे. गुलाबी छटा कायम राहिली की ब्युरेट वाचायची, असे तीनदा करायचे, आणि तीनपैकी दोन रीडिंग जुळली की ‘कॉन्स्टंट’ मिळाले. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न ‘तुझं किती?’ असाच असतो. एकाचे ९.८, दुसऱ्याचे १०.१, आणि तिसऱ्याचे ११.४ आले की तो तिसरा गप्प होतो. त्याला आठवते की ब्युरेट धुतल्यावर त्याने ती द्रावणाने खंगाळली नव्हती, किंवा शेवटचे थेंब टाकताना हात थांबला नव्हता आणि फिकट गुलाबीऐवजी गडद रंग आला होता. ही चूक त्याला परीक्षकाने सांगितलेली नसते. दोन मित्रांच्या आकड्यांशेजारी स्वतःचा आकडा ठेवल्यावर ती त्याला दिसते.

सॉल्टच्या बाबतीत असे जमत नाही, कारण प्रत्येकाच्या हाती वेगळी पुडी किंवा वेगळ्या क्रमांकाची बाटली पडते. तिथे उत्तरे नव्हे, खुणा ताडल्या जातात. प्लॅटिनमच्या तारेवर ज्योत किरमिजी लाल झाली तर स्ट्रॉन्शियम, सफरचंदी हिरवी झाली तर बेरियम, विटकरी झाली तर कॅल्शियम. नळीत तपकिरी कडे आले म्हणजे नायट्रेट. ‘माझं कडं आलं पण लगेच मोडलं’ असे कोणी म्हणाला की त्याच्याभोवती चारजण जमतात. सल्फ्युरिक आम्ल घाईत ओतले का, नळी हलवली का, फेरस सल्फेटचे द्रावण ताजे होते का, अशी चौकशी सुरू होते. खरे उत्तर प्रयोगशाळा परिचराला ठाऊक असते, कारण बाटल्या त्यानेच भरलेल्या असतात. तोंड उघडायचे नाही हा त्याच्या कामाचा भाग, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळते का हे पाहण्याचा प्रयत्न बहुतेक बॅचेस करतात.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून वेगळ्या मंडळाकडे गेली. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने एसएससी परीक्षा आली आणि मॅट्रिक हा शब्द फक्त बोलण्यात उरला. महाराष्ट्र राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासून काम करू लागले, आणि वर्षभराने २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तकांसाठी बालभारती स्थापन झाली. आता एकच पुस्तक आणि एकच प्रश्नपत्रिका सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत पोचू लागली. याचा परिणाम ताडाताडीवरही झाला. सुट्टीत गावी गेलेला मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातल्या मावसभावाबरोबर त्याच पेपरविषयी बोलू शकत होता, आणि ‘आमच्या पुस्तकात तसं नाही’ असे म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

मराठी माध्यमातल्या विज्ञानाला या काळात स्वतःची भाषा मिळाली. मूलद्रव्य, संयुग, आम्ल, आम्लारी, क्षार, संयुजा, उत्प्रेरक, क्षपण, उदासिनीकरण हे शब्द दहावीपर्यंत मुलांच्या तोंडी बसले. पुढे अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर बहुतेक ठिकाणी सगळे इंग्रजीत सुरू होई आणि पहिले काही महिने मनातल्या मनात दुहेरी काम करावे लागे. वर्गात गप्प बसणारी मराठी माध्यमाची मुले पेपरनंतरच्या घोळक्यात मोकळी होत, कारण तिथे ‘आम्लारी म्हणजे बेसच ना?’ असे विचारायला संकोच वाटत नसे. या गोष्टीची नोंद शिक्षणाच्या इतिहासात सहसा होत नाही. पण दोन भाषांमधला रसायनशास्त्राचा पूल कित्येकांसाठी प्राध्यापकांच्या व्याख्यानापेक्षा अशा घोळक्यात अधिक भक्कम झाला.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. अकरावीची जुनी शालान्त परीक्षा आणि नंतरचे प्री-डिग्री, इंटर सायन्स मागे पडले, आणि बारावी हे आयुष्याचे वळण ठरले. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर होऊ लागले, तसा अर्ध्या गुणाला प्रचंड भाव आला. पेपरनंतर उत्तरे ताडणे आता निव्वळ कुतूहल राहिले नाही, ती बेरीज झाली. ‘सत्तरपैकी किती धरू?’ हा हिशेब प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीने मांडला जाऊ लागला. बारावीच्या सध्याच्या रचनेत रसायनशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे आहे. लेखी पेपरात बहुपर्यायी आणि एका वाक्यातल्या उत्तरांना मिळून १८ गुण, बाकीचे दोन, तीन आणि चार गुणांच्या प्रश्नांना.

या पेपरातले एखादे उदाहरण जवळून पाहिले तर पेपरनंतरच्या अर्ध्या तासात काय घडते ते दिसते. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल ३० मिनिटे आहे, ९० टक्के अभिक्रिया पूर्ण व्हायला किती वेळ लागेल, हा नेहमीचा प्रश्न. ०.६९३ ला ३० ने भागले की वेगस्थिरांक ०.०२३१ येतो. मग २.३०३ ला त्याने भागायचे आणि शंभर भागिले दहा याच्या लॉगने, म्हणजे एकाने, गुणायचे. उत्तर ९९.७ मिनिटे. फाटकाबाहेर एकाचे उत्तर ९९.७ असते, दुसऱ्याचे ५९८२. क्षणभर दोघेही हबकतात. मग कळते की दुसऱ्याने सेकंद घेतले आहेत, आणि ९९.७ ला ६० ने गुणले की ५९८२ च येतात. दोघेही बरोबर. तिसऱ्याचे उत्तर ४.५६ मिनिटे असते. त्याने शंभर भागिले दहाऐवजी शंभर भागिले नव्वद घेतले, म्हणजे संपलेला पदार्थ उरलेला धरला. कोणीतरी विचारते, ‘अरे, निम्मी व्हायलाच अर्धा तास लागतो, मग नव्वद टक्के साडेचार मिनिटांत कशी होईल?’ तिसऱ्या मुलाचे हे गणित पुढे जन्मभर चुकत नाही. ते गुण गेले, पण उत्तर लिहिल्यावर ते शक्य आहे का हे पाहायचे असते, ही गोष्ट त्याला इथे कळते. वर्गात ती सांगितलेली असते, पण तेव्हा ती लागत नाही.

कॅल्क्युलेटरला परवानगी नसल्यामुळे लॉग टेबल हा या पेपरचा सोबती. मीन डिफरन्सचा रकाना वाचायला विसरलेल्याचे उत्तर तिसऱ्या आकड्यात हलते आणि त्यावरून उगाच धडकी भरते. अनुभवी शिक्षक अशा वेळी एवढेच सांगतात की सूत्र, किमती भरणे आणि उत्तर यांचे गुण वेगवेगळे असतात.

नावांचा वाद आणखी जुना आहे. सेंद्रिय संयुगांना शिस्तीने नावे देण्याची सुरुवात १८९२ च्या जिनिव्हा परिषदेत झाली, १९१९ मध्ये आययूपीएसी ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि नियम मधूनमधून बदलत राहिले. १९९३ च्या शिफारशींनी स्थानदर्शक आकडा नावाच्या मध्ये आणला. त्यामुळे थोरल्या भावाच्या जुन्या गाइडातून शिकलेला ‘२-प्रोपेनॉल’ लिहून येतो आणि नव्या पुस्तकातून शिकलेली ‘प्रोपेन-२-ऑल’. दोघांनाही समोरच्याचे चुकले असे वाटते. पदार्थ एकच, मधल्या काळात नियम सरकलेला.

घरातल्या मोठ्यांना ही सवय कधीच पसंत पडली नाही. ‘झाला तो पेपर झाला, आता पुढच्याचं बघ’ हे वाक्य पिढ्यान्पिढ्या ऐकू येत आले आहे. त्यामागे काळजी असते आणि ती खोटी नसते. एक चूक सापडली की उद्याच्या जीवशास्त्राच्या पेपरवर तिची सावली पडते, रडू येते, रात्रीचा अभ्यास जातो. तरी ही सवय मोडली नाही, कारण तिच्यामागे गुणांच्या चिंतेखेरीज उत्तर कळून घेण्याची ओढही आहे. निकालपत्रात फक्त आकडा येतो. कोणता प्रश्न का चुकला हे मंडळाने कळवण्याची पद्धत नाही.

ही उणीव भरून काढणारे पुढे बरेच निघाले. नवनीतची गाइडे आणि ‘२१ अपेक्षित’ संच घरोघर पोचले होतेच. क्लासेस वाढले तसे पेपर सुटल्यावर काही तासांत सोडवलेली प्रश्नपत्रिका क्लासच्या फळ्यावर दिसू लागली. लातूरच्या महाविद्यालयांनी कसून सराव घेण्याची जी पद्धत रुजवली ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. तिच्यात सराव परीक्षेनंतर उत्तरे तपासत बसणे हाच अभ्यासाचा मोठा भाग होता. मुलांनी चोरून केलेली गोष्ट इथे वेळापत्रकात आली. मात्र घोळक्यातला बरोबरीचा वाद जाऊन तिथे एकाच माणसाचा शब्द अखेरचा ठरू लागला, आणि हा तोटा लहान नव्हता.

प्रवेश परीक्षांनी चित्र पालटले. विसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यात सीईटी सुरू झाली. २०१३ मध्ये नीट पहिल्यांदा झाली आणि पुढे वैद्यकीय प्रवेश तिच्यावरच ठरू लागले. आता चार पर्याय, ओएमआर पत्रिका, बरोबरला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. प्रश्नांचा क्रम संचागणिक बदलतो, त्यामुळे आधी ‘तुझा कोड कोणता?’ हे विचारावे लागते. उत्तर सांगायचे तर ‘बी आला’ एवढेच सांगता येते. समीकरण कसे लिहिले, पायरी कुठे चुकली हे बोलण्यातून गळून पडले. २०१९ पासून राज्याची सीईटी संगणकावर होऊ लागली आणि प्रश्नपत्रिकेचा कागदही गेला. वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे प्रश्न असतात. बाहेर आलेली मुले आधी आठवणीतून प्रश्नच जुळवतात, उत्तरे त्यानंतर.

याच काळात उत्तर विचारण्याचा हक्कही मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये निर्णय दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराखालची माहिती आहे आणि परीक्षार्थी ती पाहू शकतो. राष्ट्रीय परीक्षांमध्ये आधी तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध होते आणि तिच्यावर प्रश्नामागे २०० रुपये भरून आक्षेप घेता येतो. फाटकाबाहेरचा वाद असा कागदोपत्री गेला.

तो किती वर जाऊ शकतो हे २०२४ च्या नीटने दाखवले. अणूंच्या स्थैर्याविषयीच्या एका प्रश्नाला परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन पर्याय बरोबर धरले होते. प्रश्न भौतिकशास्त्राच्या भागातला, पण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही अगदी जवळचा. एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत सर्व मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात असे विधान होते, नव्या आवृत्तीत ते बहुतेक मूलद्रव्यांपुरते केले गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्ली आयआयटीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांकडून उत्तर ठरवून घ्यायला सांगितले आणि तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर असल्याचे कळवले. ४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे ५-५ गुण कमी झाले, आणि ७२० पैकी ७२० मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. थोरल्या भावाचे पुस्तक आणि धाकट्या बहिणीचे पुस्तक यांतला तोच जुना तंटा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सुटला, आणि सोडवण्याची रीतही तीच, तीन जाणकारांनी एकत्र बसून उत्तर ताडून पाहण्याची.

राज्य मंडळातही अखेर असेच घडते. पेपर झाल्यावर मुख्य नियामकांची बैठक बसते, नमुना उत्तरे ठरतात, कोणत्या पर्यायी उत्तराला गुण द्यायचे यावर चर्चा होते. प्रश्नच चुकीचा छापला गेला असेल तर त्याचे गुण कसे द्यायचे हेही ठरते. २०२३ च्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात असे झाले होते आणि त्याचे ६ गुण देण्यात आले. त्याच वर्षापासून, पेपर फुटू नये म्हणून, आधी दिली जाणारी वाचनाची १० मिनिटे बंद करून ती शेवटी जोडली गेली. सकाळचा तीन तासांचा पेपर आता दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो आणि रसायनशास्त्राची चर्चा उन्हात, फाटकाजवळच्या सावलीत सुरू होते.

निकालानंतर ती दुसऱ्यांदा होते. गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो, आणि पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत घ्यावी लागते. दोन मैत्रिणी आपापल्या उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती शेजारी ठेवून बसतात, मार्चमधली प्रश्नपत्रिका कपाटातून बाहेर निघते, आणि एकीला दीड गुण मिळालेल्या उत्तरात दुसरीचे दोन का आले ते पायरी-पायरीने शोधले जाते. एकीने बाणावर ‘उष्णता’ लिहिलेले असते, दुसरीने नाही.